दिसत नाही ते शिकवायचं कसं?

१८१३ साल. जर्मनीतलं गॉटिंगेन शहर. कॉनराड लांगेनबेक नावाचा सर्जन एका पन्नाशीच्या बाईवर शस्त्रक्रिया करतोय. तिचं गर्भाशय योनीतून बाहेर आलंय, त्यावर व्रण झालेत आणि लांगेनबेकला तो कर्करोग वाटतोय. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची पद्धत यायला अजून तीसेक वर्षं आहेत. मदतीला एकच सहकारी आहे आणि तो गाउटने इतका बेजार आहे, की त्याला खुर्चीतून उठता येत नाही. मध्येच रक्तस्राव सुरू होतो. लांगेनबेक डाव्या हाताने ती जागा दाबून धरतो, धाग्याचं एक टोक दातात पकडतो आणि उजव्या हाताने गाठ मारतो.

बाई वाचली. योनीमार्गे ठरवून केलेली गर्भाशय काढण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. लांगेनबेकने १८१७ मध्ये ती लिहून प्रसिद्ध केली, पण कुणी विश्वास ठेवला नाही. साक्षीदार सहकारी वारला होता आणि काढलेला अवयव हरवला होता. ती बाई आणखी २६ वर्षं जगली. तिच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन झालं, पोटात गर्भाशय नसल्याचं दिसलं आणि तेव्हा कुठे लांगेनबेक खरा ठरला.

वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगतात. मला मात्र ती वाचताना दुसरंच काहीतरी खटकत राहिलं. शस्त्रक्रिया जमली, पण त्यातून कुणीच काही शिकलं नाही. त्या खोलीत एकही विद्यार्थी नव्हता, आणि असता तरी त्याला काय दिसलं असतं? मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्याकडे नवख्याने काहीही मोडलं तरी ते आधी टेस्टिंगच्या सर्व्हरवर मोडतं. शिकाऊ सर्जनला असा सर्व्हर नसतो. त्याचा हात कुणाच्या तरी शरीरावरच शिकतो. कुणाच्या, आणि कोणत्या किमतीवर, हा प्रश्न या एका आजाराच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतो.

अंग बाहेर येणं

आपल्याकडे या आजाराला 'अंग बाहेर येणं' किंवा 'अंग खाली येणं' म्हणतात. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची आणि चिवट तंतूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधारावर आपापल्या जागी असतात. बाळंतपणांत ही झोळी ताणली जाते, कधी फाटते. त्यात जड ओझी, जुनाट खोकला, वाढतं वय आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांची भर पडते. मग यातला एखादा अवयव खाली घसरतो. बसताना, चालताना काहीतरी खाली लोंबतंय असं वाटतं. लघवी अडते किंवा आवरत नाही. जीव सहसा जात नाही, म्हणून बाई बोलत नाही आणि वर्षं निघून जातात.

हा काही दुर्मीळ आजार नाही. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात असं दिसलं, की ऐंशीव्या वर्षापर्यंत साधारण ११ टक्के बायकांना अंग बाहेर येण्यासाठी किंवा लघवी न आवरण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यातल्या सुमारे २९ टक्के बायकांची ती पुन्हा केलेली शस्त्रक्रिया होती. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागते असंही नाही. तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात. आधाराला रिंग बसवता येते, जी हजारो वर्षांपूर्वीच्या कल्पनेची सुधारित आवृत्ती आहे. प्राचीन ग्रीक वैद्य यासाठी डाळिंब वापरत. बाईला शिडीला उलटं बांधून हलवायचा उपायही त्यांच्याकडे होता! त्या मानाने आजची सिलिकॉनची रिंग म्हणजे सुखच.

पण शस्त्रक्रिया करायचीच झाली, तर ती शिकवणं अवघड का आहे? माझी एक मैत्रीण सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राची रेसिडेन्सी करत होती. तिने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं : "पहिलं वर्षभर मी रिट्रॅक्टर धरून उभी होते आणि मॅडम आत काय करतायत ते मला दिसतच नव्हतं."

पोट उघडलं तर टेबलाभोवतीच्या चौघांना आतलं दिसतं. दुर्बिणीतून केलं तर पडद्यावर सगळ्या खोलीला दिसतं. योनीमार्गे करताना जागा बोगद्यासारखी अरुंद असते, आणि समोर बसलेल्या एकाच माणसाला नीट दिसतं. बाजूचे दोघे कातडी ओढून धरतात आणि अंदाज बांधतात. काही टाके तर त्या एका माणसालाही दिसत नाहीत, ते बोटाने चाचपून घालायचे असतात. 'सॅक्रोस्पायनस' नावाच्या अस्थिबंधात टाका घालताना बोटाने हाडाचं टोक शोधायचं आणि तिथून साधारण दोन सेंटिमीटर आतल्या बाजूला सुई घालायची. थोडं चुकलं तर महत्त्वाची नस आणि रक्तवाहिन्या तिथेच आहेत.

त्यात मूत्रवाहिनी. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी ही बारीक नळी गर्भाशयाच्या मुखापासून साधारण दीड-दोन सेंटिमीटरवरून, गर्भाशयाच्या धमनीच्या खालून जाते. 'पुलाखालून पाणी' अशी तिची खूण विद्यार्थी पाठ करतात. अंग पूर्ण बाहेर आलेलं असलं की ही नळीही सोबत खाली ओढली जाते. टाका तिच्यावर पडला किंवा तिला पीळ बसला, तर त्या बाजूचं मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ शकतं, आणि बाईला कधीकधी ते कळतही नाही.

अनार्का, बेट्सी, लूसी

जी शस्त्रक्रिया बघून शिकता येत नाही, ती करूनच शिकावी लागते. या 'करून शिकण्याचा' सगळ्यात भयंकर धडा अलाबामातल्या माँटगोमेरीत १८४५ ते १८४९ या काळात घडला.

जे. मॅरियन सिम्स हा डॉक्टर अंग बाहेर येण्यावर नाही, तर त्याच्या शेजारच्या आजारावर काम करत होता. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडतं आणि लघवी सतत वाहत राहते. सिम्सने हे भोक शिवायची पद्धत शोधली ती गुलाम बायकांवर प्रयोग करत, भूल न देता. त्यातल्या तिघींची नावं त्याने नोंदवली आहेत : अनार्का, बेट्सी आणि लूसी. एकट्या अनार्कावर त्याने सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया केली. ईथरची भूल १८४६ मध्ये आली होती, तरी यांना ती मिळाली नाही. संमती घ्यायचीच झाली तर ती मालकाची. अपयश यायला लागलं तसे आजूबाजूचे गोरे डॉक्टर मदतीला यायचे थांबले. मग या बायकाच एकमेकींना धरून ठेवायला, हत्यारं द्यायला उभ्या राहिल्या. म्हणजे जगातल्या पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक सगळ्यात जवळून पाहणाऱ्या साहाय्यक त्याच होत्या, ज्यांच्यावर ती चालली होती. त्यांना काय वाटलं हे त्यांच्या शब्दांत कुठेच लिहिलेलं नाही.

सिम्सला 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक' म्हटलं गेलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हलवला गेला. पण पुतळा हलवणं सोपं आहे. त्याने वाकवलेल्या चमच्यापासून सुरुवात करून बनवलेला 'सिम्स स्पेक्युलम' आपल्या जवळपास प्रत्येक रुग्णालयाच्या ओपीडीत आजही रोज वापरला जातो. अंग किती बाहेर आलंय हे बघायला रेसिडेंट पहिल्यांदा हात घालते ते याच हत्याराला.

बाल्टिमोरची शिडी

पुढची मोठी उडी रुग्णालयाच्या रचनेत झाली. १८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं. तिथे विल्यम हॉल्स्टेडने जर्मन धर्तीवर सर्जन घडवायची एक शिडी उभी केली. शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहणार (म्हणून 'रेसिडेंट'), वर्षानुवर्षं वरच्याच्या हाताखाली काम करणार आणि जबाबदारी टप्प्याटप्प्याने वाढत जाणार. आज मुंबई, नागपूर, औरंगाबादच्या मेडिकल कॉलेजांत जी रेसिडेन्सी चालते, ती याच शिडीची वंशज आहे.

त्याच रुग्णालयात स्त्रीरोग विभाग हॉवर्ड केलीकडे होता. 'दिसत नाही' या अडचणीवर त्याने दोन उत्तरं शोधली. एक म्हणजे मूत्रवाहिनीत आधीच बारीक नळी घालून ठेवायची, म्हणजे शस्त्रक्रियेत ती बोटाला लागते. दुसरं उत्तर होतं एक चित्रकार. माक्स ब्रोडल १८९४ मध्ये जर्मनीहून बाल्टिमोरला आला आणि त्याने केलीच्या १८९८ च्या 'ऑपरेटिव्ह गायनेकॉलॉजी' या ग्रंथासाठी चित्रं काढली. सर्जनच्या नजरेतून, एकेक थर उलगडत दाखवणारी ही चित्रं होती. जे बाजूला उभ्या असलेल्याला दिसत नव्हतं, ते आता कागदावर दिसायला लागलं.

या शिडीने सर्जन घडवले यात शंका नाही. पण तिची एक बाजू शांतपणे तशीच राहिली. शिकायचं ते धर्मादाय वॉर्डांतल्या गरिबांवर, आणि शिकून झाल्यावर सेवा पैसेवाल्यांना. आपल्याकडे हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही : सरकारीत हात बसवायचा, खासगीत कमवायचं.

मँचेस्टर ते मुंबई

अंग बाहेर येण्याच्या शस्त्रक्रियेची बरीच वर्षं चाललेली एक मोठी शाळा मँचेस्टरची. आर्चिबाल्ड डोनाल्डने १८८८ मध्ये तिथे ही शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. गर्भाशय काढायचं नाही. पुढची-मागची सैल झालेली भिंत शिवायची, लांबलेलं गर्भाशयमुख कापायचं आणि आधाराचे तंतू पुढे ओढून बांधायचे. पुढे विल्यम फॉदरगिलने त्यात बदल केले, त्याबद्दल लिहिलं, आणि पुष्कळ पुस्तकांत शस्त्रक्रियेला त्याचंच नाव लागलं. या क्षेत्रात ज्ञान आधी हातातून हातात जातं, कागदावर नंतर येतं.

ही शस्त्रक्रिया मुंबईत आली तेव्हा तिला वेगळीच रुग्ण भेटली. इंग्लंडमध्ये रुग्ण बहुधा मुलं झालेली प्रौढ बाई असे. इथे विशी-तिशीतल्या बायका अंग बाहेर आलेल्या अवस्थेत येत. कमी वयात बाळंतपणं आणि त्यानंतर लगेच पुन्हा कामाला जुंपणं, ही त्यामागची उघड कारणं. त्यांना अजून मूल हवं असे. गर्भाशयमुख कापलं, तर पुढचा गर्भ टिकत नाही. आणि गर्भ टिकला नाही तर सासरी काय होतं, हे इथल्या डॉक्टरांना सांगायला लागत नव्हतं.

गोव्यातल्या शिरोडा इथे १८९९ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि तिथेच शिकवणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी या बायकांसाठी वेगळा विचार केला. गर्भाशयमुख न कापता आधाराचे तंतू पुढे आणून बांधायचे, किंवा एका पट्टीच्या आधाराने गर्भाशय मागे पाठीच्या कण्याच्या तळाशी टांगायचं. ही दुसरी शस्त्रक्रिया 'शिरोडकर स्लिंग' म्हणून ओळखली जाते. गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयमुखाला घालायचा त्यांचा टाका तर १९५५ नंतर जगभर गेला. मुंबईतल्याच पुरंदरे घराण्यातल्या शल्यविशारदांच्या नावाने पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाची पट्टी वापरून गर्भाशय टांगायची पद्धत आहे. आपल्याकडच्या एमएसच्या विद्यार्थ्याला ही नावं परीक्षेसाठी पाठ असतात. पण ती का जन्मली, म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या कुठल्या बाईसाठी, हे क्वचितच सांगितलं जातं.

शिरोडकर स्लिंग शिकवायला सोपी नाही. कण्याच्या तळाशी जिथे पट्टी बांधायची, तिथे समोरच मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, डावीकडे आतड्याचा पडदा आहे, आणि मूत्रवाहिनी तर आहेच. ज्याने ती शोधली त्याच्या हातात ती सहज येई. प्रश्न नेहमी पुढच्या हाताचा असतो. मुंबईची जमेची बाजू ही, की हात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिले. पुढे डॉ. शिरीष शेठ यांनी योनीमार्गे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेवर मुंबईत इतकं काम केलं, की त्यांचं नाव जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना माहीत झालं. २००० ते २००३ मध्ये ते स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाचे, 'फिगो'चे अध्यक्ष होते.

शिडीला शॉर्टकट

आता या इतिहासातल्या त्या प्रकरणाकडे येतो, जे वाचून मी सगळ्यात अस्वस्थ झालो. कारण त्यातली चूक माझ्या धंद्यातल्या लोकांना ओळखीची वाटेल.

हर्नियासाठी पॉलिप्रॉपिलीनची जाळी विसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात होती. १९९६ मध्ये स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी लघवी न आवरण्यावर अशाच जाळीच्या अरुंद पट्टीची छोटी शस्त्रक्रिया मांडली आणि ती चालली. कंपन्यांना वाटलं, मग अंग बाहेर येण्यावरही जाळी का नको? बाईचे स्वतःचे तंतू कमकुवत झालेत, तर प्लास्टिकचे घालू. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या कामासाठीच्या पहिल्या जाळीला परवानगी दिली. लवकरच पूर्ण 'किट' बाजारात आली. आधी कापलेली जाळी आणि ती आत ओढून न्यायला लांब वाकड्या सुया. या सुया मांडीच्या किंवा ढुंगणाच्या कातडीतून घालून, आतली जागा डोळ्यांनी न बघता, बोटाच्या अंदाजाने पुढे न्यायच्या.

किटचं खरं आकर्षण हेच होतं. शिरोडकरांच्या किंवा मँचेस्टरच्या पद्धतीला वर्षं लागतात. किट शिकायला कंपनीचा छोटा कोर्स, एखाद्या मृतदेहावर सराव, आणि सोमवारी आपल्या ऑपरेशन थिएटरात. शिडीच्या जागी लिफ्ट.

परवानगी कशी मिळाली? अमेरिकेत बऱ्याच उपकरणांना माणसांवर चाचणी न करता परवानगी मिळते. आधी मान्य झालेल्या उपकरणासारखंच हे आहे, एवढं दाखवलं की पुरतं. लघवी न आवरण्यावरची 'प्रोटेजेन' नावाची एक पट्टी १९९६ मध्ये मान्य झाली. ती इतकी त्रासदायक ठरली, की १९९९ मध्ये कंपनीने परत बोलावली. तोवर तिच्याशी साम्य दाखवून दुसऱ्या पट्ट्या मान्य झाल्या होत्या, आणि त्या बाजारात राहिल्या. सॉफ्टवेअरमध्ये एखादी लायब्ररी सदोष निघाली तर तिच्यावर उभं असलेलं सगळं तपासावं लागतं. इथे पाया काढून घेतला आणि वरचे मजले तसेच वापरात ठेवले. अंगासाठीच्या एका मोठ्या किटने तर कमाल केली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीने 'प्रोलिफ्ट' २००५ मध्ये वेगळी परवानगी न घेताच विकायला काढलं, आणि परवानगी मिळाली ती २००८ मध्ये.

काही बायकांच्या शरीरात जाळी योनीच्या भिंतीतून वर आली, आक्रसली, मूत्राशयात किंवा आतड्यात घुसली. बसता येईना, शरीरसंबंध अशक्य झाले. काढायची म्हटली तर ती पेशींत रुतलेली. २००८ मध्ये एफडीएने पहिला इशारा दिला. त्यात गुंतागुंत दुर्मीळ असल्याचं म्हटलं होतं, आणि सर्जनांना पहिला सल्ला होता तो प्रत्येक पद्धतीचं खास प्रशिक्षण घेण्याचा. म्हणजे बाजारात येऊन वर्षं उलटल्यावर. २०११ मध्ये एफडीएने भाषा बदलली : गंभीर गुंतागुंत दुर्मीळ नाही. २००८ ते २०१० या तीन वर्षांत जाळीबद्दल २,८७४ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या, त्यातल्या १,५०३ अंगाच्या शस्त्रक्रियेच्या. एकट्या २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे ७५ हजार बायकांना योनीमार्गे अशी जाळी बसवली गेली होती. एप्रिल २०१९ मध्ये एफडीएने योनीमार्गे बसवायच्या अंगाच्या जाळीची विक्री थांबवायला लावली. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्येच ती बंद केली होती. अमेरिकेत एक लाखाहून जास्त बायका कोर्टात गेल्या.

ब्रिटनमध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीने जुलै २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात बायकांनी सांगितलेल्या वेदना डॉक्टरांनी वर्षानुवर्षं 'वयाचं आहे, मनाचं आहे' म्हणून कशा उडवून लावल्या, ते वाचायला मिळतं. ब्रिटनच्याच एका मोठ्या चाचणीत २०१७ मध्ये दिसलं होतं, की जाळी घातलेल्या बायकांना दोन वर्षांत स्वतःच्या तंतूंच्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त फायदा झाला नव्हता. दहातल्या एकीहून जास्त बायकांना जाळीचा त्रास मात्र झाला होता.

सगळा दोष प्रशिक्षणाचा नव्हता, वस्तूही सदोष होती. पण प्रशिक्षण विकणाऱ्याच्या हातात होतं, हे विसरता येत नाही. ज्याला माल खपवायचाय, तोच 'तुम्ही आता तयार आहात' असं प्रमाणपत्र देत होता.

हात मोजायचा कसा?

मग सुरक्षितपणे शिकवायचं म्हणजे काय करायचं? उत्तरं फारशी नाट्यमय नाहीत.

पहिलं, सगळ्यांनी एकाच भाषेत मोजायचं. १९९६ मध्ये 'पीओपी-क्यू' नावाची पद्धत आली. 'थोडंसं खाली आलंय' असं न म्हणता योनीतले ठरलेले बिंदू किती सेंटिमीटर खाली-वर आहेत, ते मोजून लिहायचं. त्यामुळे शस्त्रक्रियेआधीचं आणि नंतरचं ताडून बघता येतं, आणि शिकाऊ व शिकवणारे यांच्या तपासणीतला फरकही कळतो.

दुसरं, हाताचं मूल्यमापन. टोरंटोमध्ये नव्वदच्या दशकात रिचर्ड रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी 'ओसॅट्स' नावाची परीक्षा तयार केली. शिकाऊ सर्जन वेगवेगळ्या टेबलांवर ठरलेली कामं करतात. परीक्षक बघतात, यादीवर खुणा करतात आणि पेशींशी वागणूक, हालचालीतली काटकसर, पुढच्या पायरीचं भान यांना गुण देतात. 'हात चांगला आहे' या मोघम शेऱ्याऐवजी नेमकं काय कमी आहे, ते सांगता येतं. योनीमार्गाच्या शस्त्रक्रियेसाठीही असे तक्ते बनले. बोगद्यासारखी प्रतिकृती करून तिच्यात टाके घालायचा सराव करता येतो. पहिले पन्नास वाकडे टाके बाईच्या शरीरात न पडता रबरात पडले, तर आणखी काय हवं?

तिसरं, शेवटची तपासणी. अंगाच्या शस्त्रक्रियेनंतर टेबलावरच मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्ही मूत्रवाहिन्यांतून लघवीची पिचकारी येते का, ते बघायचं. एका बाजूने आली नाही, तर टाका सोडवून पुन्हा घालायचा. या पाच-दहा मिनिटांत मूत्रपिंड वाचतं, आणि शिकणाऱ्याला आपला टाका कुठे गेला हे त्याच क्षणी कळतं.

चौथी गोष्ट संख्येची, आणि ती अवघड आहे. अमेरिकेत स्त्रीरोगाच्या रेसिडेंटने योनीमार्गे गर्भाशय काढण्याच्या किमान १५ शस्त्रक्रिया कराव्यात असा नियम आहे. पण दुर्बीण आणि रोबोट आल्यापासून या शस्त्रक्रिया तिथे कमी होत गेल्या. २००३ पासून रेसिडेंटचे आठवड्याचे तास ८० वर आणले गेले. ते योग्यच होतं, पण त्यामुळे टेबलाजवळचा वेळही घटला. आपल्याकडे उलट आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत रुग्ण भरपूर, तास बेसुमार, आणि लॉगबुकमध्ये 'मदत केली', 'देखरेखीखाली केली', 'स्वतंत्रपणे केली' असे रकाने. रकाना भरणं आणि हात बसणं यांत अंतर आहे. अठ्ठावीस तास जागी असलेल्या रेसिडेंटला शंभरावी शस्त्रक्रिया काय शिकवणार?

या सगळ्यातही एक भोक राहतं. ओसॅट्स हात मोजतो तो टेबलावर. अंग पुन्हा बाहेर येतं ते वर्षांनी. स्वतःच्या तंतूंनी केलेल्या दोन प्रमुख शस्त्रक्रियांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या एका चाचणीचे पाच वर्षांनंतरचे निकाल २०१८ मध्ये आले. कडक व्याख्येनुसार दोन्हींत ६० टक्क्यांहून जास्त शस्त्रक्रिया 'अपयशी' ठरल्या होत्या, आणि हा आकडा वर्षागणिक वाढत गेला होता. दिलासा एवढाच, की बऱ्याच बायकांना आधीपेक्षा बरं वाटत होतं. सुरुवातीचा तो २९ टक्क्यांचा आकडा आठवतोय? आपली रेसिडेन्सी तीन वर्षांची. जिच्यावर आज शिकले, ती पाच वर्षांनी कशी आहे हे शिकणाऱ्याला कळण्याची काही सोयच नाही. तोवर तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि तीच गाठ तशीच मारतोय. निकाल परत न येणारी कुठलीही पद्धत सुधारू शकत नाही, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही. म्हणून कम्बरलेज समितीने जे मागितलं ते साधं होतं : कुणाला, कधी, काय घातलं आणि पुढे काय झालं, याची राष्ट्रीय नोंद.

वासा आणि अमिर्झा

यात आपण कुठे आहोत? जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीतल्या वासा आणि अमिर्झा या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० बायकांची तपासणी केली होती. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. वैद्यकाला या बायका दिसतच नव्हत्या. पुस्तकं लिहिली गेली ती रुग्णालयापर्यंत पोचणाऱ्यांवरून, आणि हात शिकले तेही त्यांच्यावरच.

दुसऱ्या टोकाला २०१९ मधलं बीड. ऊसतोड कामगार बायकांच्या सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागे मुकादमाचा दंड, पाळीतला खाडा, खासगी दवाखान्यांचं अर्थकारण अशी मोठी कारणं आहेत, आणि ती प्रशिक्षणाने सुटणारी नाहीत. पण व्यायाम शिकवणं, रिंग बसवणं, गर्भाशय ठेवून दुरुस्ती करणं हेही कौशल्यच आहे. ज्याला पिशवी काढणं एवढंच येतं, तो तेच सुचवणार. शिरोडकरांच्या मुंबईत विशीतल्या बाईचं गर्भाशय वाचवायला इतके कष्ट घेतले गेले, आणि त्याच राज्यात साठ-सत्तर वर्षांनी हे.

तुमच्या-माझ्या घरात आई, आजी, मावशी यांपैकी कुणाला तरी हा त्रास असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि तिने तो सांगितला नसण्याची शक्यता त्याहून जास्त. विचारा. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली तर त्यांनाही विचारा : रिंग लावून बघता येईल का? गर्भाशय काढणं गरजेचंच आहे का? जाळी घालणार आहात का, आणि असेल तर कुठली? शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार आणि शेजारी कोण असणार? संपल्यावर मूत्रवाहिन्या तपासणार का? शिकाऊ डॉक्टर करणार असेल तर त्यात वाईट काही नाही, शेजारी अनुभवी हात असेल आणि तुम्हाला ते आधी सांगितलं असेल तर.

आणि वर्षाने, पाच वर्षांनी, सगळं ठीक असलं तरी तिला दाखवायला घेऊन जा. जिने शस्त्रक्रिया केली तिलाच दाखवता आलं, तर उत्तम. ती भेट आईइतकीच त्या डॉक्टरच्याही कामाची आहे.